क्लबच्या दोन वह्या

नंदगडच्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गावातून गाडीनं नेलं, बेळगावात दवाखान्यात ठेवलं, भिंग बसवलं, काळा चष्मा दिला आणि परत दारापर्यंत आणून सोडलं. पदरचा एक पैसा गेला नाही. आठ दिवसांनी मी भेटायला गेलो तर म्हणते, "डोळं झ्याक झालं बघ. पण ही माणसं हे सगळं फुकटात कशाला करतात रे? उद्या मतं मागायला येणार न्हवं?"

मतं मागायला कुणी येणार नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगितलं. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र एका दमात देता येईना. मला ते यायला हवं होतं, कारण गेली बरीच वर्षं मी बेळगावातल्या एका सेवाभावी क्लबचे आणि त्याच्या ट्रस्टचे हिशेब लिहितोय. मी सभासद नाही, महिन्याला ठरलेले पैसे घेऊन वही लिहिणारा माणूस. मीटिंगनंतरचं जेवण मात्र मिळतं. त्याला तिकडे 'फेलोशिप' म्हणतात.

आधी या क्लबांची ओळख. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत जे क्लब दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ अमेरिकेतल्या शिकागो शहरात आहे. रोटरी १९०५ ची, पॉल हॅरिस या वकिलानं तिघांना बरोबर घेऊन काढलेली. सभा आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची म्हणून नाव रोटरी. लायन्स १९१७ ची, मेल्विन जोन्स या विम्याच्या धंद्यातल्या माणसाची. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी उभे राहा असं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम त्यांच्याकडे चिकटलं ते आजतागायत. रोटरीत बायकांना सभासद व्हायला १९८९ साल उजाडावं लागलं. बाकी अध्यक्षाच्या गळ्यातली कॉलर, घंटा, बॅनर, पिन हा सगळा थाट दोन्हीकडे सारखाच. बाहेरच्या माणसाला तो थोडा हसू आणणारा वाटतो. मलाही पहिली दोन वर्षं वाटायचा.

आत्याचं भिंग कुणाच्या पैशाचं?

बॅनरवर क्लबचं नाव मोठं असतं, म्हणून सगळा खर्च क्लबनं केला असं लोक धरून चालतात. तसं नसतं. अंधत्व नियंत्रणाचा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात सामील असलेल्या धर्मादाय दवाखान्याला मोतीबिंदूच्या प्रत्येक मोफत ऑपरेशनमागे ठरलेलं अनुदान मिळतं. म्हणजे आत्याच्या डोळ्यात आत्याचाच कर आहे, काडेपेटीपासून मिठाईपर्यंत प्रत्येक खरेदीवर तिनं भरलेला. अनुदान पुरत नाही तिथं दवाखाना आपले डॉक्टर, आपलं थिएटर, आपली खाट घालतो. मेडिकल कॉलेजचा दवाखाना असेल तर शिकणाऱ्या डॉक्टरांना पेशंट हवेच असतात. यात लपवण्यासारखं काही नाही, पण बॅनरवर हे कुणी लिहीत नाही.

मग क्लबनं काय केलं? पंधरा दिवस आधी गावात जाऊन पंचायतीत सांगितलं. देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. तपासणीच्या दिवशी शाळेची खोली मिळवली, डॉक्टरांना चहा-उप्पीट घातलं, पन्नास म्हाताऱ्यांतून ऑपरेशनला लायक वीस निवडून झाल्यावर गाडी लावली, त्यातल्या साखरवाल्या चौघांना साखर आटोक्यात आल्यावर परत बोलावलं, आणि ऑपरेशननंतर थेंब टाकतात का हे बघायला फोन केले. पैशात मोजलं तर क्लबचा वाटा सगळ्यात लहान निघेल. पण तो नसता तर आत्या नंदगडातून हलली नसती. सरकारी योजना आणि गरजू माणूस यांच्यात जे पस्तीस-चाळीस किलोमीटर उरतात, ते काटायचं काम या मंडळींचं.

म्हणून 'आमच्या क्लबनं यंदा दोनशे ऑपरेशनं केली' हे वाक्य ऐकलं की मी मनातल्या मनात 'केली'च्या जागी 'घडवून आणली' असं लिहितो. खोटं ते नव्हतं, पण हे जास्त खरं आहे.

रक्तदान शिबिराचंही तेच. तिथं पैसा जवळजवळ लागतच नाही, वेळ साधावी लागते. रक्तातल्या लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. शिवजयंती, गणपती, पुढाऱ्याचा वाढदिवस अशा मुहूर्तांना शिबिरांची गर्दी होते आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि लोक गावी गेलेले असताना, रक्तपेढीत खडखडाट. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर तीन महिने आणि बाईला चार महिने परत देता येत नाही, त्यामुळे फेब्रुवारीत सगळ्यांनी दिलं की एप्रिलअखेर माणसंच उरत नाहीत. शहाणा क्लब मुहूर्त सोडून मेमध्ये शिबिर घेतो. फोटोत माणसं कमी दिसतात.

दोन वह्या

आता पैशाकडे. कुठल्याही धड चाललेल्या क्लबात दोन वह्या असतात, आणि सगळं समजायचं तर आधी हीच गोष्ट समजून घ्यावी लागते.

पहिली वही सभासदांची. वर्षाची वर्गणी यात जमा होते. त्यातून हॉलचं भाडं, जेवण, पाहुण्याला शाल-श्रीफळ, पदग्रहणाचा थाट, आणि वरच्या कार्यालयाला माणशी द्यायची रक्कम जाते. ही रक्कम डॉलरात ठरते. तिकडे रुपया घसरला की इकडे आमच्या खजिनदाराच्या कपाळावर आठी. लायन्समध्ये 'टेल ट्विस्टर' नावाचा एक हुद्दा असतो. उशिरा आलास, पिन लावली नाहीस, बायकोचा वाढदिवस विसरलास, काढ शंभर रुपये, असा गंमतीचा दंड तो वसूल करतो. तोही याच वहीत, कारण तो सभासदांच्याच खिशातला.

दुसरी वही लोकांची. देणग्या, खाद्यमहोत्सवाच्या तिकिटांचे पैसे, ऑर्केस्ट्राच्या रात्रीची कमाई, स्मरणिकेतल्या जाहिराती हे सगळं इथं. लायन्सचा नियम याबाबत कडक आहे. लोकांकडून मिळवलेलं लोकांकडेच गेलं पाहिजे, फार तर त्या कार्यक्रमाचा थेट खर्च वजा करा. क्लबचं जेवण त्यातून होता कामा नये. रोटरीच्या नमुना उपविधींतही क्लब चालवण्याचा पैसा आणि सेवाकार्याचा पैसा वेगळा ठेवायला सांगितलंय. बरेच क्लब यासाठी वेगळा ट्रस्टच काढतात, त्याचा पॅन वेगळा, बँकेतलं खातं वेगळं.

ऐकायला सोपं आहे. पण गणपत गल्लीतल्या दुकानदारानं स्मरणिकेत पानभर जाहिरात दिली ती कशासाठी? धंद्याची प्रसिद्धी म्हणून, की क्लबच्या कामाला मदत म्हणून, की अध्यक्ष त्याचं जुनं गिऱ्हाईक आहे म्हणून? तिन्ही असेल. हिशेबात मात्र तो पैसा दुसऱ्या वहीत गेला पाहिजे. माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त धास्ती एकाच वाक्याची: "या महिन्यात तिकडचे इकडे घेऊया, पुढच्या महिन्यात परत टाकूया की." सांगणारा चोर नसतो, घाईत असतो. पण पुढच्या महिन्यात अध्यक्ष बदललेला असतो.

तुम्ही कधी देणगी दिलीत तर पावती कुणाच्या नावाची आहे तेवढं बघा, क्लबची की ट्रस्टची. त्यावरून रुपया कुठल्या वहीत पडला ते कळतं. करसवलतही त्यावरच ठरते. जुन्या आयकर कायद्यात तिचं कलम ८०जी. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण लोकांच्या तोंडी '८०जी'च राहणार. या सवलतीबद्दल गैरसमज उदंड आहेत. दहा हजार दिले म्हणजे दहा हजार कर वाचला असं होत नाही. अशा ट्रस्टला दिलेल्या देणगीचा साधारणपणे निम्मा भाग उत्पन्नातून वजा होतो, त्यालाही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांशी बांधलेली मर्यादा आहे. दहा हजारांतले पाच हजार वजा झाले आणि तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलात तर सेस धरून वाचले १,०४० रुपये. रोखीनं २,००० च्या वर दिलं तर सवलत नाही. तांदळाची पोती, जुनी शिलाई मशीन अशा वस्तूंना नाही. आणि तुम्ही कमी दरांची नवी करपद्धत घेतली असेल तर अजिबातच नाही. मार्च उलटला की ट्रस्टनं देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायची आणि मग प्रमाणपत्र द्यायचं असतं. मे महिन्यात माझी झोप उडते ती उकाड्यानं नव्हे.

मोठ्या कंपन्यांचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे वर्षाचा नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या खूप, पण या रेषेच्या वर असलेल्या हाताच्या बोटांवर. त्यामुळे बेळगावचे क्लब अजून चालतात ते मुख्यतः डॉक्टर, वकील, कारखानदार, सराफ, बिल्डर यांच्या खिशावर आणि ओळखीवर.

तीन वर्षांनी परत येणारा रुपया

रोटरीच्या सभेत 'फाउंडेशनला द्या' असं सारखं कानावर पडतं. या फाउंडेशनची कल्पना १९१७ ची, आर्च क्लम्फ यांची, आणि त्यात आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर. आज हजार डॉलर देणाऱ्याला 'पॉल हॅरिस फेलो' म्हणतात, पिन आणि पदक देतात. पदक हा पैसा खर्च करण्याचा विचित्र प्रकार आहे असं माझं मत होतं. मग पुढचा प्रवास कळला.

वार्षिक निधीला दिलेला पैसा तिथं तीन वर्षं गुंतवून ठेवतात. त्याच्या व्याजातून कारभाराचा बराचसा खर्च निघतो. तीन वर्षांनी मूळ रकमेतला जवळजवळ निम्मा भाग ज्या रोटरी जिल्ह्यातून, म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या गटातून, आला त्याच जिल्ह्याच्या नावावर परत येतो आणि जवळजवळ निम्मा जागतिक निधीत जातो. जिल्ह्याच्या नावावरच्या रकमेतून लहान कामांना अनुदान देता येतं. किंवा तीच रक्कम मोठ्या कामात घालून जागतिक निधीतून भर मिळवता येते. इथं खरी गंमत आहे.

मोठ्या कामाला 'ग्लोबल ग्रँट' म्हणतात. किमान बजेट तीस हजार डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर साडेपंचवीस लाख. अट अशी की दोन देशांतले दोन क्लब हवेत, एक काम होणाऱ्या गावचा, एक बाहेरचा. समजा दोन्हीकडच्या जिल्ह्यांनी मिळून पंधरा हजार डॉलर घातले, तर जागतिक निधी त्यावर ८० टक्के, म्हणजे बारा हजार घालतो. झाले सत्तावीस. उरलेले तीन हजार सभासदांनी रोख उभे करायचे. म्हणजे बेळगावच्या क्लबनं आपल्या पदरचे दोन-तीन लाख काढले तर साडेपंचवीस लाखांचं यंत्र गावात येऊ शकतं. पण त्यासाठी बाहेरच्या देशातला क्लब शोधावा लागतो. तो मिळतो कसा? कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, तिकडचा कुणी पूर्वी रोटरीच्या युवक अदलाबदलीत पाहुणा म्हणून इथल्या घरी राहिलेला असतो. लाखांचा हा व्यवहार शेवटी हिंदवाडीतल्या एखाद्या घरी कुणी तीस वर्षांपूर्वी थालीपीठ खाल्लं होतं त्यावर उभा असतो.

परदेशातला पैसा थेट क्लबच्या खात्यात घेता येत नाही. एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो आणि एका संस्थेनं तो दुसरीला वाटून द्यायला मनाई आहे. म्हणून एखाद्या क्लबचा पदाधिकारी 'अमेरिकेचे पैसे अडकलेत' म्हणाला तर तो टाळाटाळ करतोय असं लगेच समजू नका.

यंत्र आलं म्हणजे काम झालं असंही नाही. बेळगावात केएलई रुग्णालयात रोटरीच्या नावाची त्वचापेढी आहे. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर दुसऱ्याची त्वचा तात्पुरती झाकण म्हणून घालतात, तिच्यामुळे जंतुसंसर्ग आणि अंगातलं पाणी जाणं आवरतं. ही त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते. फ्रीज, रसायनं, परवाना या सगळ्याला पैसा लागतो आणि तो जमवता येतो. पण ज्या घरात आत्ताच माणूस गेलंय, तिथं रात्री दोन वाजता फोन करून "त्वचा द्याल काय?" असं विचारायला लागणारी हिंमत कुठल्या ग्रँटमध्ये बसते? माझ्या दोन्ही वह्यांत तिला रकाना नाही.

२८ जूनची पाटी

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळं लिहायला बसलो ती.

जांबोटीच्या पुढे एका मराठी शाळेत एका क्लबनं पाण्याचं आरओ यंत्र बसवलं. कुठला क्लब, कुठली शाळा, ते राहू दे. मी तिथं वेगळ्याच कामाला गेलो होतो. व्हरांड्यात यंत्र होतं, वर ग्रॅनाइटची पाटी, पाटीवर नऊ नावं. यंत्राला कुलूप. पोरं मागच्या टाकीचं पाणी पीत होती. हेडमास्तरांना विचारलं तर म्हणाले, "सुरुवातीचं वर्ष चाललं की. मग आतलं गाळायचं मेंब्रेन गेलं. फोन केला तर म्हणाले आमचं वर्ष संपलं, नव्या अध्यक्षांना विचारा. नवे म्हणाले आमचा प्रोजेक्ट नव्हे तो."

पाटीवरची तारीख बघितली. २८ जून.

क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष एकच वर्षाचा. पहिला महिना पदग्रहणात जातो, मग गणपती, मग दिवाळी, जानेवारीत जाग येते आणि मेमध्ये घाई. जूनच्या शेवटच्या आठवड्यात उद्घाटनांचा पाऊस पडतो तो त्यामुळे. सरकारी खात्यात मार्चअखेर रस्ते होतात तसा हा जूनअखेर. एका माणसाकडे सत्ता साचू नये म्हणून वर्षाची मुदत चांगली आहे, हे मी अनेक सहकारी संस्था जवळून बघितल्यावर मनापासून म्हणतो. पण यंत्राचं आयुष्य सात-आठ वर्षांचं आणि मालकाचं एकाच वर्षाचं, हे गणित जुळत नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती तारखेत दिसत नव्हती. माझ्या पिशवीत योगायोगानं टीडीएस मीटर होता. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. आरओचं मुख्य काम हे क्षार काढायचं. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे बोअरचं पाणी जड असतं, डाळ शिजत नाही, तिथं आरओला अर्थ आहे. पण कणकुंबी-जांबोटीचा पट्टा म्हणजे पावसाचं माहेर, मलप्रभेचा उगमच तिकडे. मी शाळेच्या टाकीत मीटर बुडवला तर आकडा आला ७०. क्षार नव्हतेच. नसलेली गोष्ट काढायला यंत्र बसवलं होतं, आणि ते एक लिटर गाळताना दोन लिटर सांडत होतं.

त्या पाण्यात दोष नव्हता असं नाही. टाकीला झाकण नव्हतं. आत पानं, एक मेलेली पाल. तिथला धोका जंतूंचा, आणि तो ओळखायला एक स्वस्तातली छोटी बाटली मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. उपाय म्हणजे टाकी धुणं, झाकण, आणि मापात क्लोरीन. हे सगळं त्या ग्रॅनाइटच्या पाटीपेक्षा कमी खर्चात झालं असतं.

ग्लोबल ग्रँटच्या कामात आधी गावाची गरज पाहणं सक्तीचं आहे. काय हवं ते गावकऱ्यांना विचारायचं, लिहून द्यायचं, आणि पैसा संपल्यावर काम कोण चालवणार तेही आधी सांगायचं. फॉर्म किचकट, सभासद त्याला शिव्या घालतात. पण हे यंत्र क्लबच्या स्वतःच्या पैशातून घेतलेलं, त्यामुळे फॉर्म नव्हता, म्हणून कुणी विचारलंच नाही. आपल्या पैशाच्या बाबतीत आपण किती मोकळे असतो बघा. सरकारी शाळेत पालकांची एसडीएमसी समिती असते, तिचा ठराव घेतला असता आणि तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या, म्हणजे बीईओच्या, कार्यालयाला पत्र दिलं असतं तरी कुणीतरी बोललं असतं, "सर, आमच्याकडं पाणी गोडंच हाय, झाकण द्या."

हे सगळीकडे होतं असं म्हणणार नाही. पोलिओचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. रोटरीनं १९८५ साली जगातून पोलिओ घालवायचं काम अंगावर घेतलं. किती अध्यक्ष आले आणि गेले, पण ते काम कुणी 'मागच्या वर्षाचा प्रोजेक्ट' म्हणून सोडलं नाही. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि आपल्या अंगणवाडीताईंनी घरोघर थेंब पाजले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. दर वर्षी नवा अध्यक्ष असताना हे जमलं, कारण कामाची वही अध्यक्षाच्या घरी नव्हती.

रेघेच्या अलीकडे-पलीकडे

आपल्या भागात या क्लबांची एक गोष्ट वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या पुनर्रचनेत जी रेघ पडली ती आपल्या सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सगळीकडे आहे. रोटरीच्या नकाशावर मात्र ती नाही. तिच्या ३१७० क्रमांकाच्या जिल्ह्यात बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा एकत्र नांदतात. अधिवेशनात एका टेबलावर कन्नड, मराठी, कोकणी चालू असते आणि भांडण झालंच तर जेवणातल्या तिखटावरून होतं. कागदावर मात्र रेघ परत येते. तिकडच्या संस्थेला महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचा, इकडच्या संस्थेची नोंदणी कर्नाटकच्या १९६० च्या कायद्याखाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला पूर आला, निपाणीजवळ यमगर्णीला हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा दोन्हीकडचे क्लब मदतीला धावले. आमच्याकडे जुन्या कपड्यांचा डोंगर जमला. त्यात लग्नातली शेरवानी होती, एका पायाचा बूट होता. पुरातून घरी परतलेल्या बाईला त्या दिवशी हवे असतात खराटा, फिनेल, ब्लीचिंग पावडर, ताडपत्री, एक पातेलं आणि पोराची पाठ्यपुस्तकं. मराठी पुस्तकं की कन्नड, हेही विचारावं लागतं. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. कपडे निवडून बाजूला काढायला जितके हात लागले, तितक्या हातांनी दोन गल्ल्या धुऊन झाल्या असत्या.

पाटीचाही प्रश्न आपल्याकडेच. दुकानं-संस्थांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड हवं, असा राज्याचा कायदा २०२४ पासून आहे. त्यामुळे दानाच्या पाटीवर वर कन्नड, मग मराठी, मग इंग्रजी. तिन्ही भाषांत देणाऱ्यांची नावं असतात. फिल्टर कधी बदलायचा, हे कुठल्याच भाषेत नसतं.

जांबोटीहून आल्यावर मी आमच्या क्लबच्या बोर्ड मीटिंगमध्ये, जेवण यायच्या आधी, हे सगळं बोललो. अकाउंटंट माणसानं बोलायचं नसतं, पण बोललो. थोडा वेळ कुणी काही म्हणालं नाही. मग एक जुने माजी अध्यक्ष, व्यवसायानं दातांचे डॉक्टर, म्हणाले, "दात काढल्यावर आठ दिवसांनी बोलावतो तसं आहे की हे." पुढं चर्चा बरीच झाली, आवाज चढले, कुणीतरी विचारलं की आपण नसलेल्या वर्षाचे पैसे आपण का ठेवायचे. शेवटी ठरलं की यापुढे कुठलीही वस्तू द्यायची तर तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा वेगळा ठेवायचा, आणि तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही.

ती शाळा आमच्या क्लबची नव्हती, तरी पहिलं काम तिथलंच घेतलं. मी दुसऱ्या वहीत 'देखभाल' असं नवं खातं उघडलं. पहिली नोंद: टाकीचं झाकण एक, कडी, कुलूप, चाव्या दोन. एक चावी हेडमास्तरांकडे, दुसरी खिचडी करणाऱ्या मावशींकडे. खजिनदारांनी व्हाउचर बघितलं आणि विचारलं, "याचा फोटो काय काढायचा?" काढला नाही.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "ते सगळं ठीक हाय. पण तू एवढा वाळलास कधी? आधी दिसत न्हवतं मला."